पाट्या नसलेला रस्ता

“अहो पेंटर, तुमचा हात का थरथरतो हो? आम्हाला बघून?”

प्रश्न विचारला भिंगरीनं, पण डोकं होतं शेजारी इस्त्री करणाऱ्या मिरचीचं. पैजच तशी लागली होती. आज जिच्या इस्त्रीखाली कॉलर करपेल, तिनं लॉन्ड्रीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढायचं आणि समोर शिडीवर उभ्या असलेल्या त्या पाटी रंगवणाऱ्याला हे विचारायचं. मोठ्यानं. अजिबात न हसता. आणि भिंगरी, जिच्या हातून आजवर साधा रुमालसुद्धा करपला नव्हता, तिच्याच इस्त्रीखाली त्या सकाळी एका वेटरची पांढरीशुभ्र कॉलर बिस्किटाच्या रंगाची झाली. कारण? कारण ती खिडकीतून बाहेर बघत होती. कुणाकडे, ते तुम्ही ओळखलंच असेल!

शिडीवरचा माणूस वळला. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मनगटाला टेकू द्यायची बारीक काठी, आणि गालावर निळ्या रंगाचा एक ठिपका. समोरच्या चपलांच्या दुकानाची अर्धी पाटी त्याच्या पाठीमागे ओली चमकत होती. त्यानं खिडकीतल्या तिन्ही तोंडांकडे एकदा बघितलं. मग फक्त भिंगरीकडे.

“तुम्हाला बघून नाही,” तो म्हणाला. “तुम्ही बघताय म्हणून.”

बाई गं! मिरची मागच्या चादरींच्या ढिगावर कोसळली. ताडमाड, म्हणजे लॉन्ड्रीची गाडी चालवणारी आमची सहा फुटी बाई, हसताना खिडकीच्या चौकटीवर आपटली. आणि भिंगरीनं खिडकी धाडकन लावून घेतली. पण लावण्याआधी... एक क्षण... ती हसली. ते त्यानं बघितलं.

भिंगरी हे नाव तिला तिच्या बाबांनी ठेवलेलं. लहानपणी ती एका जागी म्हणून ठरत नसे. आता मात्र दिवसभर एकाच जागी, वाफेच्या इस्त्रीसमोर उभी राहून तिचे पाय असे भरून यायचे की संध्याकाळी घरचा जिना चढताना ती मधेच बसायची. घरी आणखी दोन दमलेली माणसं असायची. बाबा बस चालवायचे आणि आई पाळणाघरात लोकांची पोरं सांभाळायची. रोज संध्याकाळी तिघंही पाय वर करून पडलेले, आणि पाणी आणायला कोण उठणार यावर वाद!

“मी बस चालवून आलोय.”

“मी वीस पोरांची नाकं पुसून आलेय.”

“मी आख्ख्या हॉटेलच्या चादरी...”

शेवटी कुणीच उठायचं नाही. तहान तशीच राहायची. अशा घरातल्या मुलीला प्रेमात पडायला ताकद कुठून मिळाली, हाच खरा प्रश्न आहे. पण मिळाली.

झालं काय, की त्या आठवड्यात पाऊस लागला. पावसात पाटी रंगवता येत नाही. रंग ओघळतो, अक्षरं रडल्यासारखी दिसतात. त्यामुळे तो पेंटर लॉन्ड्रीच्या पत्र्याखाली येऊन उभा राहायचा. बॉयलरची भिंत तिथे बाहेरून गरम असते. भिंगरी जेवणाच्या सुट्टीत त्याच भिंतीला पाठ लावून बसायची. मग काय!

“इथे माझी जागा आहे,” ती पहिल्या दिवशी म्हणाली.

“पाटी दिसत नाही कुठे.”

“मग रंगवा.”

त्यानं खरंच खिशातून खडू काढला आणि भिंतीवर सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलं — ‘दमलेल्या लोकांसाठी राखीव’. अक्षरं जराशी कापरी होती. मग तो तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “मीसुद्धा बसतो यात.”

ती हसायची थांबली, कारण त्यानं ते गमतीनं म्हटलं नव्हतं. जवळून बघितलं तर त्याचे डोळे फार दमलेले होते. झोप झाली नाही की दमतात तसे नाहीत. खूप दिवस काहीतरी लपवून दमतात ना, तसे.

पाऊस थांबला तरी तो त्या भिंतीपाशी येत राहिला. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो तिचे पाय दुखतात म्हणून रंगाचा रिकामा डबा उपडा घालून द्यायचा, वर पाय ठेवायला. ती त्याचे शर्ट धुवायला न्यायची आणि बाह्यांवरचे रंगाचे डाग एकेक करून काढायची. मिरची म्हणायची, “अगं, सकाळी त्याचा हात थरथरतो आणि दुपारी कसा दगडासारखा असतो, बघितलंस? सकाळी तू ताजीतवानी दिसतेस ना, म्हणून!”

भिंगरी लाजायची. पण तिला पुरती खात्री वाटायची नाही. कारण लॉन्ड्रीत काम करणाऱ्या मुलीला शर्टाचा वास फसवू शकत नाही. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी बाळ आलंय, कोण चोरून सिगारेट ओढतं, सगळं तिला कपड्यांवरून कळायचं. पेंटरच्या शर्टाला टर्पेंटाइनचा वास यायचा. पण त्याच्याखाली आणखी एक वास होता, गोडसर, आंबूस. वाफ लागली की तो आधी वर यायचा. ती इस्त्री जास्त जोरात दाबायची आणि स्वतःला सांगायची, रंगाचाच असेल.

एके दिवशी दुपारी तिनं त्याच्या रंगाच्या पेटीतून टर्पेंटाइनची बाटली उचलली. तिला एक डाग काढायचा होता. झाकण उघडलं... आणि ते टर्पेंटाइन नव्हतं.

तो शिडीवरून बघत होता. हळूहळू खाली उतरला.

“हात का थरथरतो विचारलं होतंस ना,” तो शेवटी म्हणाला. “तेव्हा मी तुला खोटं सांगितलं. म्हणजे... अर्धं खोटं. सकाळी पोटात काही नसतं म्हणून थरथरतो. प्यायलो की थांबतो. लोकांचं उलटं असतं. माझं असं आहे.”

“रोज?”

“रोज. सरळ रेघ मारायची तरी लागते आता.”

भिंगरीला ओरडायचं होतं, पण ताकद नव्हती. सकाळपासून ती उभी होती. ती भिंतीला टेकली आणि मग तिनं तेच केलं, जे आपण सगळ्यांनी केलं असतं. त्याचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

“माझी शपथ आहे तुला. आजपासून एक थेंबसुद्धा नाही.”

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग बाटली गटारात ओतली. सगळी. खिडकीत उभ्या असलेल्या मिरचीनं टाळ्या वाजवल्या, ताडमाडनं डोळे पुसले. मला कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा इथेच गोष्ट संपवली असती! किती छान शेवट! पण इथे काही संपलं नाही. इथे चूक सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण घामानं निथळत. हात एवढा हलत होता की ब्रश डब्यात बुडवताना डबाच सांडला. “बरा होईन,” तो म्हणाला आणि लवकर घरी गेला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. चपलांच्या दुकानाची पाटी शेवटच्या अक्षरावाचून तशीच राहिली. भिंगरीचं लक्ष त्या रिकाम्या जागेकडे जात राहिलं. दुपारी तिच्या इस्त्रीखाली आणखी एक कॉलर करपली, पण या वेळी कुणी पैज लावली नाही. ताडमाडनं गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाली, “चल.”

तो सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत राहायचा. दार उघडंच होतं. तो खाटेखाली, कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि भिंतीकडे बोट दाखवत होता.

“अक्षरं खाली उतरतायत,” तो म्हणाला. “बघ ना... सगळ्या पाट्यांवरची... माझ्या अंगावर येतायत.”

भिंत कोरी होती. त्याचं अंग तापलं होतं, दात वाजत होते. त्यानं तिला ओळखलं आणि तिचा हात घट्ट पकडला.

“शपथ मोडली नाही मी,” तो म्हणाला. “खरंच नाही मोडली गं.”

दोघींनी त्याला धरून खाली आणलं आणि लॉन्ड्रीच्या गाडीत, धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांमध्ये झोपवलं. ताडमाडनं अशी गाडी हाकली की वाटेतले सगळे सिग्नल तिला घाबरले असतील. भिंगरी मागे बसून त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकच गोष्ट म्हणत होती, “शपथ सुटली. ऐकतोयस ना? मी सोडवली. सुटली.”

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईसुद्धा दमलेल्या होत्या. केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी त्याला आत घेतलं, सुया लावल्या, औषधं दिली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन बाकावर भिंगरीच्या शेजारी धपकन बसल्या.

“एकदम बंद करायला कुणी सांगितलं?”

“मी,” भिंगरी म्हणाली. “शपथ घातली.”

तिला वाटलं, आता या आपल्याला झोडपणार. पण डॉक्टरबाईंनी नुसता चष्मा पुसला.

“पुष्कळ जण घालतात. आया घालतात, बायका घालतात. प्रेमानंच घालतात. पण ज्याच्या शरीराला रोजची सवय झालेली असते, त्याची दारू एका दिवसात तोडली तर शरीर बिथरतं. झटके येतात, भास होतात. कधीकधी माणूस जातो. तुम्ही वेळेवर आणलंत.”

भिंगरीच्या डोळ्यांतून एकदम पाणी यायला लागलं.

“म्हणजे त्यानं सोडायचीच नाही?”

“सोडायची ना! पण अशी नाही. आमच्या नजरेखाली, औषधाच्या आधारानं. ती औषधंही आम्हीच हळूहळू कमी करायची, तुम्ही आपल्या मनानं नाही. तो शुद्धीवर आला की बसू आपण. शपथेनं भागत नाही, बेत आखावा लागतो.”

काही दिवसांनी, अंगातला ताप आणि भिंतीवरची अक्षरं गेल्यावर, तिघं त्या बाकावर बसली. पेंटर फिकट, दाढी वाढलेला, दवाखान्याचा ढगळ सदरा घातलेला. त्याला तसं बघून भिंगरीच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? ‘या सदऱ्याला इस्त्री नाही!’ तिनं हे त्याला सांगितलं आणि तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

“तर,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “प्यावीशी कधी वाटते?”

“काम संपल्यावर. घरी जाताना.”

“रस्त्यात बार लागतो?”

तो मान खाली घालून म्हणाला, “लागतात. चार. आणि चारही पाट्या माझ्या हातच्या आहेत.”

“तुझ्या हातच्या?” भिंगरीनं विचारलं.

“गावातल्या निम्म्या बारच्या पाट्या मी रंगवल्यात,” तो म्हणाला. “मालक मजुरीबरोबर बाटली द्यायचे. सुरुवात तिथूनच झाली. आता संध्याकाळी दमून घरी निघालो की... माझीच अक्षरं मला आत बोलावतात. कशी सांगू? दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं तर मी पुढे गेलो असतो.”

किती वाईट ना! आपणच एवढ्या प्रेमानं काढलेलं वळण, आणि तेच आपल्याला फसवतं. भिंगरीला त्याचा हात धरावासा वाटला. पण डॉक्टरबाई शेजारीच होत्या म्हणून तिनं बाकाची कड धरली. त्यानं बाकाची तीच कड धरली. बोटं... जवळजवळ लागली.

“मग पहिलं काम,” डॉक्टरबाई न बघितल्यासारखं करत म्हणाल्या, “बारचं काम घ्यायचं नाही. दुसरं, घरी जायचा रस्ता बदलायचा. तिसरं, प्यावीशी वाटली तर प्यायच्या आधी कुणाला तरी फोन करायचा. आणि पाय घसरलाच तर लपवायचं नाही, सरळ इथे यायचं. इथे कुणी मारत नाही. आता सांगा, फोन कुणाला करणार? सोबत कोण राहणार?”

“मी!” भिंगरी म्हणाली. “सकाळी मी, दुपारी मी, संध्याकाळी...”

“तुम्ही झोपता कधी?”

“अं?”

“आरशात बघितलंत का स्वतःला?” डॉक्टरबाईंचा आवाज मऊ होता. “एका माणसावर सगळं टाकलं की आधी ते माणूस मोडतं आणि मग बेत. मला आणखी माणसं हवीत. तुम्हाला घरचं कुणी आहे?”

हे त्याला विचारलं होतं. तो नखातला निळा रंग खरवडू लागला.

“मोठा भाऊ आहे. गॅरेजमध्ये असतो. बोलत नाही आम्ही.”

“तो बोलत नाही की तुम्ही?”

“...मी.”

भिंगरीनं आपला फोन त्याच्या हातात ठेवला. नंबर त्याला पाठ होता! बोलत नसलेल्या माणसाचा नंबर कुणी उगीच पाठ ठेवतं का? पण बोट काही खाली येईना.

“हात का थरथरतोय आता?” तिनं हळूच विचारलं. “आम्हाला बघून?”

“घाबरून,” तो म्हणाला. आणि हे उत्तर पहिल्यांदा पूर्ण खरं होतं.

दादा तासाभरात आला, हाताला ग्रीस, कपाळाला ग्रीस, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. धाकट्या भावासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “एवढंच होतं तर आधी सांगता येत नव्हतं, गाढवा?” आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. मग तो हात तिथेच राहिला, बराच वेळ.

असा बेत झाला. पेंटर दादाच्या घरी राहायला गेला. औषधं दादाच्या कपाटात, दवाखान्याच्या फेऱ्या दादाबरोबर. गुरुवारी दारू सोडलेल्या माणसांची बैठक असायची, तिथे एक म्हातारे शिंपीकाका होते. ते त्याला म्हणाले, “फोन केव्हाही कर. मला तशीही झोप येत नाही.” दुपारची, त्याची पूर्वीची पिण्याची वेळ मिरचीनं उचलली. त्या वेळेला ती खिडकीतून ओरडायची, “पेंटर! चहा घेतोस का शिडी हलवू?” आणि तो निमूट खाली उतरायचा.

भिंगरीच्या वाट्याला आला फक्त रस्ता.

तो शोधायलासुद्धा किती दिवस लागले! एकही बार नको, निदान त्याच्या हातची पाटी तरी नको. एक गल्ली चांगली निघायची आणि टोकाला नेमकी त्याच्याच अक्षरातली लाल पाटी. “हीसुद्धा तुझी?” ती कमरेवर हात ठेवून विचारायची. “अरे, गावात काही सोडलंस की नाही?” शेवटी सापडला. शाळेच्या मागून, लाकडाच्या वखारीजवळून, कालव्याच्या कडेनं. नेहमीच्या रस्त्याच्या दुप्पट लांब. दिवसभर उभी राहिलेली मुलगी आणि दिवसभर शिडीवर उभा राहिलेला मुलगा, दोघंही पाय ओढत चालायचे. कधी बारीक पाऊस असायचा. छत्री एकच, तीही लॉन्ड्रीत कुणीतरी विसरलेली.

“दमलीस?”

“खूप.”

“उचलून घेऊ?”

“स्वतःला आधी उचल!”

एकदा वखारीपाशी तो थांबला. ओल्या लाकडाचा वास होता. छत्रीच्या कडेवरून पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं, कारण छत्री त्यानं सगळी तिच्यावर धरली होती.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “हे सांगायचं होतं, पण भीती वाटते. तुला वाटेल, हा मला गुंतवून ठेवतोय... आपला टेकू म्हणून.”

भिंगरीचं काळीज कसं धडधडलं म्हणून सांगू! पण तिनं आवाज जमेल तितका सरळ ठेवला.

“माझ्यासाठी सोडतोयस का दारू?”

“हो म्हणू?”

“नको. मग मी एखाद्या दिवशी रागावले की पिशील.”

तो विचारात पडला. खरंच विचारात, कपाळाला आठ्या घालून.

“मग सोडतो माझ्यासाठी,” तो म्हणाला. “आणि तुझ्यासाठी फक्त लांबच्या रस्त्यानं चालतो.”

आता सांगा, याहून चांगलं कुणी काही म्हणू शकतं का? तिनं छत्री सरळ केली, दोघांच्या मधोमध. “मलाही,” ती म्हणाली. “आवडतोस. चल आता, पाय दुखतायत.”

पण म्हणून सगळं सोपं झालं असं मुळीच नाही. भिंगरी रात्री दचकून उठायची. त्याचा फोन जरा उशिरा आला की तिचं धाबं दणाणायचं. त्याच्या शर्टाला ती अजूनही आधी नाक लावायची, मग स्वतःचाच राग यायचा. घरी ती काहीच बोलली नव्हती. आई विचारायची, “अशी का दिसतेस गं, गळून गेल्यासारखी?” आणि ती म्हणायची, “काम.”

मग तो शनिवार आला. तिची कामाची पाळी लवकर संपली आणि त्याचं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, म्हणून ती एकटीच घरी आली. क्षणभर टेकावं म्हणून पलंगावर आडवी झाली, आणि जी झोप लागली म्हणता! पायांत चपला तशाच.

जाग आली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. फोन बघितला तर त्याचा निरोप. ‘आज नवीन बाजूनं येताना जुन्या बारसमोर उभा राहिलो. बराच वेळ. पाटीचा रंग उडालाय. मग दादाला फोन केला. तो गाडी घेऊन आला. आता घरी आहे, भाकरी खातोय. प्यायलो नाही. उद्या सांगतो सगळं.’

भिंगरीनं तो दोनदा वाचला. आधी तिला राग आला, खोटं कशाला बोला! मला का नाही फोन केला? मी कोण आहे मग? आणि नंतर एकदम तिच्या लक्षात आलं. तो बारच्या दारात उभा होता, आणि ती झोपली होती. घोरत असेल कदाचित. तिनं राखण केली नव्हती, शपथ घातली नव्हती, काहीसुद्धा केलं नव्हतं. आणि तरी तो घरी पोचला होता. तिच्या खांद्यांवरून काहीतरी इतकं हळू उतरलं की ते होतं हेच तिला उतरल्यावर कळलं.

ती बाहेरच्या खोलीत आली. बाबा गणवेशातच खुर्चीत बसले होते. आई त्यांच्या शेजारी. दोघांचेही पाय आज खाली होते. म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

“बस,” बाबा म्हणाले. “तो पाट्या रंगवणारा पोरगा. कालव्याच्या रस्त्यावर तुम्हाला दोघांना बघितलं म्हणे कुणीतरी.”

“हो, बाबा.”

“मी त्याला ओळखतो. माझ्या बसमध्ये शेवटच्या थांब्यापर्यंत झोपून यायचा. हलवून उठवायचो मी त्याला. पितो तो.”

“प्यायचा. आता सोडतोय.”

“सगळे सोडतच असतात!” बाबांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला, कारण दिवसभर बस चालवून आलेल्या माणसाला फार वेळ ओरडता येत नाही. त्यांनी तिचा हात घेतला आणि स्वतःच्या डोक्याकडे नेला. “माझी शपथ घे, पोरी. त्याला पुन्हा भेटणार नाहीस.”

आई पदराशी चाळा करत होती. वर बघत नव्हती.

भिंगरीनं हात सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच सोडवला. आणि ती आत गेली. दोघांना वाटलं, रुसली. पण ती तीन पेले पाणी घेऊन बाहेर आली. एक बाबांच्या हातात दिला, एक आईच्या, एक स्वतः घेतला आणि जमिनीवर त्यांच्या समोर बसली.

“बाबा, शपथ नको,” ती म्हणाली. “मी त्याला एकदा घातली होती. तो मरता मरता वाचला. तेव्हापासून पुन्हा कुणाला शपथ घालायची नाही, आणि कुणाची घ्यायची नाही, हे माझं ठरलंय.”

आईनं पेला खाली ठेवला.

“आणखी ऐका. मी रोज त्याच्याबरोबर लांबच्या रस्त्यानं चालणार आहे. चोरून नाही, तुम्हाला सांगून. लग्नाचं आत्ता विचारू नका. ते बक्षीस म्हणून मी कुणाला देणार नाही, आधी त्याला त्याच्या पायांवर चालू दे. तो घसरला आणि त्यानं सांगितलं, तर मी असेन. लपवलं, तर नसेन, आणि तेही तुम्हाला येऊन सांगेन. त्याच्याजवळ त्याचा भाऊ आहे, डॉक्टर आहेत, माणसं आहेत. मी त्याची पहारेकरी नाही. मला तो आवडतो, एवढंच. तुम्हाला बघायचा असेल तर गुरुवार सोडून कधीही त्याला इथे बोलवा, तो येईल. हात थरथरला तर समजा, तुम्हाला घाबरला.”

बाबा काहीतरी बोलायला गेले. पण तिनं पेला रिकामा केला आणि पाय लांब पसरले.

“आणि अजून एक ठरवलंय मी,” भिंगरी म्हणाली. “आजपासून मी रात्रभर झोपणार आहे.”